चामखिळीचा माग

सहा-आठ महिन्यांच्या पिल्लाच्या ओठावर एके दिवशी बारीकसा पांढुरका फोड दिसतो. घरातल्या कुणाचे तिकडे फारसे लक्ष जात नाही. पंधरवड्यात त्याच्या शेजारी दुसरा उगवतो, मग हिरडीवर, जिभेवर, टाळूवर. महिनाभरात त्या इवल्याशा जबड्यात फुलकोबीच्या तुऱ्यांसारख्या गाठींची दाटी होते. पिल्लू खाताना कण्हते, लाळ गळते, तोंडाला दुर्गंधी सुटते. घर नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात असो, सिडकोत असो किंवा गंगापूर रस्त्यावरच्या सोसायटीत, पाळणाऱ्याच्या मनात धडकन येणारा पहिला शब्द एकच असतो: कर्करोग.

तो कर्करोग नसतो. श्वानांच्या तोंडात आणि त्वचेवर झुबक्याने उगवणाऱ्या या सौम्य गाठींना वैद्यकात पॅपिलोमा म्हणतात. आपण चामखीळ म्हणतो. इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या व्याधीने शंभराहून अधिक वर्षे संशोधकांना झुलवले, खोट्या यशाने भुलवले, एकदा तर भयंकर अपघाताच्या तोंडी दिले. आणि शेवटी तिनेच माणसाच्या हाती एक अशी ढाल ठेवली, जिची कुणी अपेक्षाही केली नव्हती. त्या प्रवासाचा शेवटचा टप्पा नाशिकहून काही तासांच्या अंतरावर, बार्शीत आणि पुण्यात, पार पडला.

कथेचा आरंभ 1898 साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात होतो. पशुवैद्यकाचे मुख्य लक्ष तेव्हा घोडा आणि गुरे यांच्यावर खिळलेले होते. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू होऊन बारा वर्षे झाली होती, आणि कुत्र्याच्या ओठावरची गाठ हा फारसा अभ्यासाचा विषय मानला जात नव्हता. अशा काळात लंडनच्या त्या महाविद्यालयाचे प्राचार्य जॉन मॅकफेडियन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक हॉब्डे यांनी एक साधा प्रश्न विचारला. एका पिल्लाला चामखिळी झाल्या की त्याच्या सोबतच्या पिल्लांनाही त्या का होतात? त्यांनी आजारी कुत्र्याच्या गाठी घेतल्या, निरोगी कुत्र्यांच्या तोंडातल्या नाजूक अस्तरावर चोळल्या आणि वाट पाहिली. दिवस गेले, आठवडे गेले, तोंडे स्वच्छच राहिली. प्रयोग फसला असे वाटण्याची वेळ आली, आणि नेमक्या त्या जागी गाठी डोके वर काढू लागल्या.

गाठ एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाते, हे विधान त्या काळी धक्कादायक होते. गाठ म्हणजे शरीराची आतली बिघडलेली वाढ. ती तापासारखी किंवा देवीसारखी लागते कशी? मॅकफेडियन आणि हॉब्डे यांच्यापाशी याचे उत्तर नव्हते. त्यांनी पाहिले ते नोंदवले आणि कोडे पुढच्या पिढीच्या हवाली केले. 1907 मध्ये इटलीतल्या ज्युसेप्पे चुफो यांनी माणसाच्या चामखिळीचा अर्क जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तो स्वतःच्याच त्वचेत टोचून घेतला आणि स्वतःच्या अंगावर चामखीळ उगवलेली पाहिली. जिवाणूंपेक्षाही सूक्ष्म असे काहीतरी या गाठींमागे होते.

त्यानंतरचा मोठा अंक अमेरिकेतील नॅशव्हिल गावी घडला. व्हँडरबिल्ट विद्यापीठात विल्यम डीमॉनब्रन आणि अर्नेस्ट गुडपाश्चर या दोघांनी श्वानांच्या मुखातील चामखिळींचा ध्यास घेतला. गुडपाश्चर म्हणजे कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर विषाणू वाढवण्याची युक्ती 1931 साली शोधून पुढच्या अनेक लसींचा पाया घालणारे संशोधक. या दोघांनी गाठी खलल्या, गाळल्या, आणि तो निवळ रस पिल्लांच्या ओठांत घातला. पुन्हा तीच दीर्घ, जीव टांगणीला लावणारी शांतता, चार ते सहा आठवड्यांची. मग गाठी उगवल्या. तोच रस त्यांनी मांजरात, सशात, उंदरात, गिनीपिगमध्ये, माकडात घालून पाहिला. काही घडले नाही. हा विषाणू श्वानाचा होता, आणि श्वानाच्याही तोंडाचाच.

पण त्यांच्या 1932 च्या निबंधातले खरे धन वेगळेच होते. गाठी उगवल्या, वाढल्या आणि कोणतेही औषध न देता एकामागून एक सुकून गळून पडल्या. बऱ्या झालेल्या पिल्लांच्या तोंडात दोघांनी पुन्हा विषाणू चोळला. या वेळी कितीही वाट पाहिली तरी गाठ आली नाही. शरीराने शत्रूला ओळखून ठेवले होते. माझ्या मते या साऱ्या कथेची किल्ली इथेच सापडली होती. ती कुलपाला लागायला मात्र आणखी साठ वर्षे जावी लागली.

कारण मधल्या काळात औषधांच्या शोधाने एक विलक्षण फसवे वळण घेतले. चामखीळ आपल्या घरगुती वैद्यकाला नवी नाही. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, चुना आणि सोडा लावणे हे उपाय खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आले. पशुवैद्यांनी शस्त्राने गाठी कापल्या, विजेने जाळल्या, द्रवरूप नायट्रोजनने गोठवल्या. थुजाचे थेंब दिले. अँटिमनीची इंजेक्शने टोचली. जंतावरचे लेव्हॅमिसॉल प्रतिकारशक्ती चाळवेल म्हणून देऊन पाहिले. त्याच कुत्र्याच्या गाठी खलून त्यांची लस त्याच कुत्र्याला टोचली. आणि नवल असे, की प्रत्येक उपायाचे गुण गाणारा कुणीतरी भेटत गेला. औषध दिले, महिन्याभरात गाठी गेल्या. पालक कृतज्ञ, वैद्य समाधानी.

गाठी औषधाविनाही बहुधा एक ते तीन महिन्यांत जाणारच होत्या, हे कुणी ध्यानात घेत नव्हते. जो रोग आपल्या पावलांनी निघून जातो, त्याच्या निरोपाच्या वेळी जे औषध दारात उभे असेल त्याच्या गळ्यात यशाची माळ पडते. वैद्यकात याहून धूर्त फसवणूक नाही. औषधाने गाठ गेली की काळाने, हे ओळखण्याचा मार्ग एकच होता. काही कुत्र्यांना औषध द्यायचे, काहींना औषधासारखे दिसणारे निव्वळ निरुपयोगी द्रव्य द्यायचे, आणि कुणाला काय दिले हे तपासणाऱ्यापासून लपवून ठेवायचे. आजारी पिल्लू घेऊन आलेल्या माणसाला असे सांगायला धैर्य लागते. ते धैर्य एकवटायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

दरम्यान एका प्रयत्नाने तर भीषण रूप घेतले. श्वान बऱ्या झालेल्या रोगापासून कायमचे सुरक्षित राहतात, तर जिवंत विषाणूच लस म्हणून का टोचू नये, असा विचार पुढे आला. बीगल जातीच्या कुत्र्यांना अशी लस टोचली जाऊ लागली. तोंडे स्वच्छ राहिली. पण 1987 मध्ये छापून आलेल्या अहवालाने सर्वांना हादरवले. लस टोचलेल्या काही कुत्र्यांमध्ये इंजेक्शनच्याच जागी त्वचेवर गाठी उद्भवल्या होत्या, आणि त्यांतल्या काही सौम्य नव्हत्या. त्या कर्करोगाच्या होत्या. जो विषाणू तोंडाच्या अस्तरावर वाढून मुकाट निघून जातो, तोच त्वचेच्या आत ढकलल्यावर उलटला होता. जिवंत विषाणूचा रस्ता बंद झाला.

मेलेला विषाणू वापरायचा, तर तो मिळवायचा कुठून? हा विषाणू काचेच्या बशीत वाढायला तयार नव्हता. त्याला पक्व होणारी, थरावर थर चढणारी जिवंत त्वचाच हवी होती. शिवाय प्रश्न आता कुत्र्यांपुरता उरला नव्हता. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983 आणि 1984 मध्ये दाखवून दिले होते, की स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे याच कुळातले मानवी विषाणू आहेत. त्या शोधाला पुढे 2008 चे नोबेल मिळाले. कुत्र्याच्या ओठावरची चामखीळ आणि लाखो स्त्रियांचा मृत्यू यांचे गोत्र एकच निघाले. कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची जिवंत वा अर्धमेली लस निरोगी मुलींना टोचण्याची कल्पनाही कुणी करू धजत नव्हते.

वाट निघाली ती ऑस्ट्रेलियात. स्कॉटलंडहून तिथे गेलेले इयान फ्रेझर आणि चीनमधून आलेले जियान झोऊ यांची गाठ 1989 मध्ये केंब्रिजला पडली होती. पुढच्या वर्षी झोऊ पत्नी श्याओ यी सुन यांच्यासह ब्रिस्बेनला आले. विषाणू वाढवता येत नाही, तर त्याचे नुसते कवच घडवता येईल का, हा त्यांचा ध्यास होता. कवचाचे प्रथिन बनवणारी जनुके त्यांनी दुसऱ्या पेशींत घातली, आणि कित्येक प्रयत्न वाया गेले. 1991 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अखेर ते दृश्य उमटले: सुटे रेणू आपसूक एकत्र येऊन त्यांचे गोल बनले होते, हुबेहूब विषाणूसारखे, पण आत काहीच नाही. आजार घडवणारे जनुकद्रव्य नाही, वाढण्याची शक्ती नाही. विषाणूचा वेश तेवढा होता.

वेश हुबेहूब असला, तरी शरीर त्याला फसेल का? माणसावर हे थेट आजमावणे शक्य नव्हते. आणि इथे कथा पुन्हा श्वानाच्या उंबऱ्यावर येते. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठात रिचर्ड श्लेगल, बेनेट जेन्सन आणि शिन-जे घिम ही मंडळी याच प्रश्नाशी झुंजत होती. त्यांना असा प्राणी हवा होता ज्याच्या तोंडाच्या ओल्या अस्तरावर नैसर्गिकरीत्या हा रोग होतो, ठरावीक काळाने दिसतो आणि डोळ्यांनी मोजता येतो. साठ वर्षांपूर्वी नॅशव्हिलच्या दोघांनी त्या प्राण्याचे सारे वेळापत्रक लिहून ठेवले होते. आधी 1994 मध्ये जॉर्जटाउनच्या मंडळींनी फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस बीगल कुत्र्यांत यशस्वी करून दाखवली. मग त्यांनी श्वानाच्या विषाणूचे रिकामे कवच कीटकांच्या पेशींत घडवले आणि ते पिल्लांच्या पंजाच्या तळव्यात टोचले. तोंडात एक थेंबही घातला नाही.

त्यानंतर सर्व पिल्लांच्या तोंडात जिवंत विषाणू चोळला गेला. पुन्हा तीच प्रतीक्षा, जी मॅकफेडियन यांनी अनुभवली होती, गुडपाश्चर यांनी अनुभवली होती. पण या वेळी आशा उलटी होती. आधीच्यांनी गाठ उगवावी म्हणून वाट पाहिली. हे लोक ती उगवू नये म्हणून पाहत होते. आठवडे उलटले. लस न दिलेल्या पिल्लांच्या ओठांवर ते ओळखीचे पांढुरके फोड दिसू लागले आणि फुलत गेले. कवच टोचलेल्या पिल्लांची तोंडे गुलाबी, नितळ राहिली. ज्यांना मोडलेल्या आकाराचे प्रथिन दिले होते त्यांना संरक्षण मिळाले नाही. म्हणजे रहस्य प्रथिनात नव्हते, त्याच्या घडीव आकारात होते. लस दिलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे लस न दिलेल्या पिल्लांना दिली, तर तीही वाचली. पायाच्या तळव्यात टोचलेली लस तोंडाचे रक्षण करते, हे 1995 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि साऱ्या कोड्याचे तुकडे एका क्षणात जुळून आले. त्या मूक बीगल पिल्लांनी माणसावर जे उपकार केले, ते मी या पानावर मोठ्या अक्षरांत लिहू इच्छितो.

पुढची दहा-बारा वर्षे चाचण्यांची आणि कज्ज्यांची. कवचाच्या शोधाचा पहिला मान कुणाचा, यावर फ्रेझर आणि श्लेगल अमेरिकेच्या न्यायालयात समोरासमोर उभे ठाकले. 2007 मध्ये निकाल फ्रेझर यांच्या बाजूने लागला. झोऊ तो ऐकायला नव्हते. 1999 मध्ये, पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या कवचावर उभी राहिलेली मानवी लस 2006 मध्ये बाजारात आली.

मग आजारी पिल्लाचे काय? ज्याच्या ओठावरून हा सारा प्रवास सुरू झाला, त्याला औषध मिळाले का? त्याचे उत्तर तुर्कस्तानातून आले, तेही अगदी अनपेक्षित दिशेने. ॲझिथ्रोमायसिन हे आपल्याकडे घरोघरी नाव ठाऊक असलेले प्रतिजैविक. त्याच्या मूळ औषधाचा, एरिथ्रोमायसिनचा, जन्म फिलिपिन्सच्या मातीच्या एका नमुन्यातून झाला, आणि त्यात फेरफार करून झाग्रेब शहरातल्या प्लिव्हा कंपनीच्या संशोधकांनी 1980 मध्ये ॲझिथ्रोमायसिन घडवले. प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. पण माणसाच्या एका वेगळ्याच, चामखिळीशी नावापुरते साम्य असलेल्या त्वचाविकारात ते गुणकारी ठरल्याचे तुर्की पशुवैद्यांनी पाहिले आणि श्वानांवर ते आजमावायचे ठरवले.

या पशुवैद्यांनी, म्हणजे याग्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नुसते औषध देऊन गुण मोजला असता, तर थुजा आणि अँटिमनीच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली असती. त्यांनी ते केले नाही. सतरा कुत्रे निवडले: बारांच्या तोंडात गाठी, पाचांच्या त्वचेवर. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून दहांना दहा दिवस रोज ॲझिथ्रोमायसिन दिले आणि सातांना निव्वळ दिखाऊ औषध. कुणाला काय मिळते आहे, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्यांच्या गाठी दहा ते पंधरा दिवसांत नाहीशा झाल्या. उरलेल्या सातांपैकी एकाच्या गाठी एक्केचाळिसाव्या दिवशी आपोआप गेल्या, बाकीच्यांच्या पन्नासाव्या दिवशीही जागेवरच होत्या. 2008 मध्ये हा निबंध छापून आला आणि शतकभराच्या फसव्या यशांच्या रांगेत पहिल्यांदा काळाशी शर्यत लावून जिंकलेले औषध उभे राहिले.

सतरा ही संख्या लहान आहे. विषाणूला न मारणारे औषध विषाणूची गाठ कशी घालवते, याचा समाधानकारक उलगडाही अजून झालेला नाही. तरीही मला या प्रयोगात खरे नायक वाटतात ते दिखाऊ औषध मिळालेले सात कुत्रे. त्यांच्यावाचून उरलेल्या दहांचे बरे होणे म्हणजे आणखी एक दंतकथा ठरली असती.

आणि आता महाराष्ट्र. सप्टेंबर 2009 मध्ये भारतात मानवी लसीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. तीन मात्रा लागतात की दोन पुरतात, हे पाहण्यासाठी. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि पुण्याचे जहांगीर ही त्याच्या केंद्रांपैकी दोन. मुलींची नोंदणी चालू असतानाच, 2010 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून देशभर वादळ उठले आणि सरकारने सगळ्या अभ्यासांतील लसीकरण थांबवले. हजारो मुलींच्या मात्रा अपुऱ्या राहिल्या. सुमारे पाच हजार मुलींना तर एकच मिळाली होती. अभ्यास मोडला, असेच कुणीही म्हणाले असते. संशोधकांनी मात्र त्या मुलींचा माग सोडला नाही. बार्शीच्या परिसरातल्या गावोगावी जाऊन वर्षानुवर्षे तपासण्या होत राहिल्या. 2021 मध्ये निष्कर्ष आला: कर्करोगाच्या दोन मुख्य विषाणूंचा चिवट संसर्ग रोखण्यात एक मात्रा जवळपास तीन मात्रांइतकीच समर्थ होती, सुमारे 95 टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. मोडलेल्या अभ्यासातून गरीब देशांचा खर्च एकदम उतरवणारे सत्य हाती आले.

त्याच 2022 साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या पहिल्या भारतीय लसीला परवानगी मिळाली. तिच्या कुपीत आहे ते तेच: विषाणूचे रिकामे, हुबेहूब कवच, ज्याची पहिली निर्णायक परीक्षा बीगल पिल्लांच्या तोंडात झाली होती. 2020 च्या अंदाजानुसार भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गाठतो आणि सुमारे 77 हजार जणींचा बळी घेतो.

म्हणून नाशिककर श्वानपालकांना एवढीच विनंती. पिल्लाच्या ओठावर गाठींचा झुबका दिसला तर घाबरू नका, केस बांधू नका, चुना लावू नका, औषधाच्या दुकानातून स्वतः गोळ्या आणून देऊ नका. त्याचे खाण्यापिण्याचे भांडे इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. वाट पाहायची की औषध द्यायचे, हे त्यांना ठरवू द्या. कुत्रे वयस्क असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असेल किंवा तीन महिन्यांनंतरही गाठी वाढतच असतील, तर तुकडा तपासून घेण्याचा आग्रह धरा. आणि घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर तिच्या लसीबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.